वाटाड्याची होडी : वैतरणेच्या मुखाशी पाहुण्यांना गरवण्यास नेणाऱ्यांकरिता काही विचार

दातिवरे हे गाव वैतरणा नदीच्या मुखाशी, उत्तर तीरावर वसलेले आहे. समोर अर्नाळा, पश्चिमेस उघडा समुद्र, पूर्वेस खाडी व तिच्या दोन्ही अंगांस चिखलाची पुळण, तिवरांची झाडी आणि बांध घालून राखलेली खार जमीन, अशी येथील भूमीची ठेवण आहे. गावचे कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या डोल जाळ्यावर बोंबील व जवळा धरीत आले आहेत. खार जमिनीतील भाताचे पीक मात्र एकदाच येते. कार्तिकात कापणी व झोडणी उरकली की पुढील जून महिन्यापर्यंत शेतकऱ्याच्या हातास पुरेसे काम राहत नाही. हाच काळ समुद्र शांत असण्याचा होय.

अलीकडे मुंबई व तिच्या उपनगरांतून गरीवर मासे धरण्याची हौस असलेले लोक उत्तर कोकणातील खाड्यांकडे येऊ लागले आहेत. अशा पाहुण्यांना होडीतून योग्य जागी नेणे, भरती-ओहोटी सांभाळून मासा लागेल अशा ठिकाणी थांबविणे आणि सुखरूप परत आणणे हा एक जोडधंदा होऊ शकतो. या धंद्यात मासळी विकावयाची नसते. वाटाड्याचे पाण्याचे ज्ञान हाच त्यातील विक्रीचा माल होय. परंतु ज्या साधनाने हे ज्ञान विकावयाचे ती होडी चुकीची निवडली गेली, तर पहिल्या दोन हंगामांतच कर्ज डोईजड होते. आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्यांना पोहता येत नाही अशा माणसांचा जीव धोक्यात येतो. म्हणून होडी घेण्यापूर्वी कोणत्या गोष्टी पाहाव्यात, याचा विचार येथे केला आहे. ग्रामसेवकांनी कर्जाच्या अर्जावर अभिप्राय देताना याचा उपयोग करून घ्यावा.

जाळ्याची होडी आणि पाहुण्यांची होडी

गावात अनेकांच्या घरी मासेमारीची होडी आहेच, तीच का वापरू नये, असा प्रश्न पहिल्याने विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर बहुधा नकारार्थी द्यावे लागते.

मासेमारीच्या होडीत जाळे, बर्फ व मासळी यांचे ओझे तळाशी असते. ओझे खाली असल्याने होडी पाण्यात घट्ट बसते. खलाशी मोजके असून त्यांना कोठे उभे राहावे, कोणी कोणत्या अंगास सरकावे हे लहानपणापासून ठाऊक असते. पाहुण्यांच्या होडीत ओझे म्हणजे माणसेच. ती बसण्याऐवजी उभी राहतात, आणि मासा लागला की सर्वच एका बाजूस धावतात. होडी तीच, वजनही तितकेच, पण त्या वजनाची जागा बदलली की होडीचा स्वभावच पालटतो.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी याच जिल्ह्यातील डहाणूच्या किनाऱ्यापाशी सुमारे ४० विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली होडी उलटली व तीन विद्यार्थिनी बुडाल्या. छायाचित्रे काढण्यासाठी विद्यार्थी एका बाजूस जमले व होडी कलंडली, असे त्या वेळच्या वृत्तांत नमूद आहे. दुसरे उदाहरण केरळातील तानूरचे. तेथे ७ मे २०२३ रोजी सूर्यास्तानंतर नदीमुखाशी सहलीची बोट उलटून २२ माणसे दगावली. ती बोट मुळात मासेमारीची असून तिच्यावर फेरफार करून ती सहलीस लावली होती, आणि तीत मर्यादेपेक्षा अधिक माणसे घेतली होती. या दोन्ही प्रसंगी वादळ नव्हते, खोल समुद्रही नव्हता.

येथे एक हिशेब लक्षात घेण्यासारखा आहे. सहा मीटर लांब व १.८ मीटर रुंद अशी होडी घेतली, तर पाण्याच्या पातळीवर तिने व्यापलेले क्षेत्र साधारणपणे साडेसात चौरस मीटर भरते. अशी होडी एक सेंटिमीटर अधिक खाली बसण्यास खाऱ्या पाण्यात ७५ ते ८० किलो वजन लागते. म्हणजे एक मनुष्य चढला की होडी एका बोटाच्या रुंदीइतकीही खाली जात नाही. चार माणसे चढली तरी काठ पुरेसा वरच दिसतो. पाहणारास वाटते की आणखी चार सहज मावतील. परंतु तीच चार माणसे एका काठाशी उभी राहिली की तो काठ बोटांनी नव्हे तर वितींनी खाली जातो. होडी किती भार उचलते यापेक्षा एका अंगास भार आला असता ती किती कलते, हे पाहणे म्हणूनच अधिक महत्त्वाचे आहे.

आधी पाणी पाहावे, मग होडी

बैल घेताना शेतकरी आपली जमीन डोळ्यांपुढे ठेवतो. भारी काळ्या रानास चालणारी जोडी कोकणातील भातखाचरात निरुपयोगी ठरते. होडीचेही तसेच आहे. दातिवऱ्याचे पाणी एक नसून तीन आहे. आत खाडीचे निवांत पाणी, मुखाशी वाळूच्या दांड्यांवर फुटणाऱ्या लाटांचे पाणी आणि त्यापलीकडे उघड्या समुद्राचे पाणी. या तिन्हींस एकच होडी उत्तम ठरेल, अशी अपेक्षा धरू नये. नव्याने धंदा करणाऱ्याने पहिली दोन-तीन वर्षे खाडीच्या आतच काम करावे व होडी त्याच बेताने घ्यावी. जिताडा, रावस, तांबोसा, पालू, शिंगाळा हे गरीस लागणारे मासे खाडीत व तिच्या मुखाच्या आतल्या अंगास मिळतात. त्यासाठी दांडा ओलांडण्याचे कारण नाही.

मुखाशी धोका कधी वाढतो हे येथील जाणत्या तांडेलांस सांगावयास नको. पण नव्या होतकरूंसाठी ते लिहून ठेवणे बरे. हिवाळ्यात व उन्हाळ्यात पहाटे जमिनीवरून मंद वारा असतो, दुपारनंतर वायव्येकडून समुद्राचा वारा सुटतो. याच वेळी ओहोटी लागली असेल, तर खाडीतून बाहेर जाणारे पाणी व आत येणाऱ्या लाटा समोरासमोर भेटतात. मग लाटा उंच होण्यापेक्षा उभ्या व आखूड होतात. तासापूर्वी ज्या जागेवरून होडी सहज गेली, तेथेच ती नाळेने पाणी घेऊ लागते. बाहेर गेलेल्या होडीस परतण्यासाठी ही जागा टाळता येत नाही.

भरती-ओहोटीचा संबंध केवळ धोक्याशी नाही, तो सरळ उत्पन्नाशीही आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरहून अधिक अंतर पडते, आणि उत्तरेकडे ते वाढत जाते. ओहोटीस पुळण दूरवर उघडी पडते व किनाऱ्याशी बांधलेली होडी चिखलात बसते. जुन्या लोकांचा ठोकताळा असा आहे की अमावास्या व पौर्णिमा या दिवशी बाराच्या सुमारास पूर्ण भरती येते, आणि पुढील प्रत्येक तिथीस ती पाऊण तासाने मागे पडते. आता पाहुणे बहुधा रविवारी येणार. एखाद्या रविवारी पौर्णिमा असेल तर दुपारी बाराला भरती, म्हणजे सकाळी सहा व संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी. त्यापुढील रविवारी सप्तमी-अष्टमी येते. त्या दिवशी भरती पहाटे व सायंकाळी पाच-साडेपाचच्या आसपास आणि ओहोटी ऐन दुपारी. एक आड एक रविवार हे चक्र असेच फिरत राहते.

याचा अर्थ काय होतो, हे पाण्यात तीन फूट बुडणारी होडी घेणाराने समजून घ्यावे. उधाणाच्या रविवारी तिला सकाळी नऊच्या आधी किनारा सोडता येत नाही व दुपारी तीनच्या आत परतावे लागते. पाहुणा तर पहाटेच्या गाडीने येऊन सफाळे स्थानकावर उतरलेला असतो. भांगाच्या रविवारी होडी सकाळी निघते खरी, पण दुपारी ओहोटी असल्याने मध्येच परतण्याचा मार्ग बंद असतो. या वेळात एखाद्यास उन्हाचा झटका आला, किंवा शिंगाळ्याचा काटा हातात मोडला, तर त्याला किनाऱ्यास कसे लावावयाचे? शिंगाळ्याच्या काट्याची जखम किती ठणकते हे ज्याने अनुभवले आहे, तो ही शंका हसण्यावारी नेणार नाही. इंजिन वर उचलून घेता येते व वल्ह्यांनी फूटभर पाण्यातूनही काठाशी आणता येते, अशी हलकी होडी येथे या एका कारणासाठीच श्रेष्ठ ठरते. मोठ्या होडीच्या डौलाने भुललेले लोक नेमके हेच विसरतात.

तळाची घडण

उत्तर कोकणच्या गलबतांची व होड्यांची घडण मुळात चांगली आहे. सातपाटी, वसई व वर्सोवा येथील होड्या तळाच्या सरळ कण्याच्या व रुंद अंगाच्या असल्याने, १९५० नंतर देशात होड्यांवर यंत्रे बसविण्याची मोहीम सुरू झाली तेव्हा मुंबई व गुजरातच्या किनाऱ्यास नवे आराखडे फारसे शोधावे लागले नाहीत. जुन्याच होड्यांत यंत्रे बसली. पूर्व किनाऱ्यावरील ओंडक्यांच्या तराफ्यांस हे शक्य नव्हते. तेथे, तसेच केरळात, निराळ्या होड्या आखाव्या लागल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने पाठविलेले पॉल झीनर या नौका-आराखडेकाराने त्या काळी आखलेल्या लहान यांत्रिक होड्यांस ‘पाब्लो’ हे नाव पडले, ते त्यांच्याच नावावरून. सांगावयाचे ते इतकेच की, गावातील सुताराने पिढ्यान्‌पिढ्या राखलेले प्रमाण हे अडाणीपणाचे नसते. शहरातील दुकानात चकचकीत होडी पाहून आल्यावर तिची लांबी-रुंदी गावच्या होडीशी ताडून पाहावी.

आता फायबरच्या होड्या सर्वत्र झाल्या असून त्यांचे तळ मुख्यत्वे तीन प्रकारचे आढळतात. सपाट तळाची होडी थोड्या पाण्यात चालते, उभी असता कमी डोलते व लहान इंजिनावर भागते. पण लाटेवर तिचा तळ आपटतो आणि चिखलात बसल्यावर ती चिकटून राहते, भरतीचे पाणी चढूनही लवकर सुटत नाही. खोल टोकदार तळाची होडी लाट कापत जाते व वेगाने पळते, मात्र उभी राहिली की पाळण्यासारखी हलते आणि तिला मोठे इंजिन लागते. तिसरा प्रकार मधला. नाळेकडे तळ टोकदार व मागे जाताना तो जवळजवळ सपाट झालेला असतो. गरवण्याच्या कामात होडीचा बहुतेक वेळ नांगरावर अथवा मंद वाहण्यात जातो, पळण्यात नव्हे. म्हणून खाडीसाठी हा मधला प्रकार निवडावा. बाजूस दोन लहान कणे काढलेला तळ मिळाल्यास अधिकच चांगले. चिखलावर बसताना अशी होडी एका अंगावर पडत नाही.

लांबी १८ ते २२ फूट व रुंदी सहा ते सात फूट या मापाची होडी वाटाड्या, एक मदतनीस व तीन पाहुणे यांस पुरेशी होते. याहून आखूड होडीत गरीची काठी फिरविताना एकाचा गळ दुसऱ्याच्या कानास लागण्याचा संभव असतो. याहून लांब होडी एकट्यास चिखलातून ढकलता येत नाही. अमेरिकेत लहान होड्यांसाठी एक ठोकताळा वापरतात. लांबी व रुंदी फुटांत घेऊन त्यांचा गुणाकार करावा व पंधराने भागावे, म्हणजे माणसांची संख्या मिळते. १८ फूट लांब व सहा फूट रुंद होडीस तो सात माणसे दाखवितो. परंतु ही संख्या शांत पाण्यात बसून जाणाऱ्यांची आहे. उभे राहून गरवणाऱ्यांसाठी ती निम्म्यावर आणावी, आणि त्यात वाटाड्यास मोजण्यास विसरू नये.

विकत घेण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. होडी कमरेइतक्या पाण्यात आणून नांगरावी. जितकी माणसे न्यावयाची तितकी, पोहणारी व धट्टीकट्टी, तीत चढवावी आणि सर्वांना एकाच काठाशी उभे करावे. त्या वेळी काठ पाण्यापासून किमान एक वीत वर राहिला पाहिजे. न राहिल्यास माणसे कमी करून पुन्हा पाहावे. जी संख्या निघेल ती होडीच्या आत ठसठशीत अक्षरांत रंगवून घ्यावी, म्हणजे पाहुण्यांच्या आग्रहास वाटाड्याऐवजी होडीच उत्तर देईल. विकणारा ही परीक्षा करू देत नसेल तर तेथून परतावे.

छपराविषयीही एक शब्द. उन्हाकरिता पक्के छप्पर बसवावे असे पुष्कळांस वाटते. छपरामुळे वर वजन येते, वारा धरला जातो आणि गरीची काठी फिरविता येत नाही. काढता-घालता येणारी कापडी कनात पुरते.

लाकूड की फायबर

लाकडी होडीचे गुण कमी लेखू नयेत. ती गावात दुरुस्त होते, सांध्यात कापूस भरून ती पुन्हा पाण्यास लावता येते, आणि पाण्याने भरली तरी लाकूड तरंगतेच. उणीव देखभालीची आहे. खाऱ्या पाण्यातील किडा तळास पोखरतो, म्हणून तिला वेळोवेळी वर ओढून वाळवावे, तळ शेकावा व तेल-चंद्रुसाचा हात द्यावा लागतो. चांगला साग मिळणे व परवडणे दिवसेंदिवस कठीण झाले आहे, आणि होडी बांधणारे सुतारही थोडे उरले आहेत.

फायबरच्या होडीस किडा लागत नाही, ती हलकी असते व तिला रंगकाम थोडे. परंतु तिच्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो म्हणजे ती बुडत नाही. फायबर पाण्याहून सुमारे दीडपट जड असते. आत पाणी भरले की नुसत्या फायबरची होडी इंजिनासह तळाशी जाते. ती तरंगत राहावी म्हणून दोन्ही काठांखाली व बैठकींखाली फोमचे बंद कप्पे असावे लागतात. एक घनफूट फोम सुमारे २७ ते २८ किलो वजन तोलून धरतो. इंजिन, नांगर, सामान व काठास धरून राहणारी माणसे यांचा हिशेब करता १८-२० फुटी होडीत १० ते १२ घनफूट फोम असणे इष्ट. हा फोम आहे की कप्पे रिकामेच आहेत, हे बाहेरून दिसत नाही. कारखानदाराकडून तसे लेखी घ्यावे व शक्य असल्यास होडी तयार होत असताना एकदा डोळ्यांनी पाहून यावे.

येथील चिखलात शिंपांचे कवच व खडे मिसळलेले असतात. त्यावर घासून तळाचा थर झिजतो. म्हणून कण्याखाली लाकडाची बदलता येणारी पट्टी बसवून घ्यावी. दर हंगामास ती पालटण्याचा खर्च तळ सांधण्याच्या मानाने नगण्य आहे.

इंजिन

पाण्यात बसून चालणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. लांबीच्या फुटांचे वर्गमूळ काढून त्यास १.३४ ने गुणले की वेग नॉटमध्ये मिळतो. २० फुटी होडीस तो सहा नॉट, म्हणजे ताशी सुमारे ११ किलोमीटर. याहून अधिक वेग हवा असल्यास होडी पाण्यावर उचलली जाऊन घसरत गेली पाहिजे, आणि त्यास कितीतरी पट शक्ती लागते. खाडीतील कामास १० ते १५ अश्वशक्तीचे बाहेर टांगावयाचे चार फेऱ्यांचे इंजिन पुरते. पूर्ण वेगाने चालविल्यास असे दहा अश्वशक्तीचे इंजिन तासास तीन ते चार लिटर पेट्रोल घेते. चाळीस अश्वशक्तीचे बारा लिटरांहून अधिक.

मात्र इंजिन फार दुबळेही असू नये. उधाणाच्या ओहोटीची ओढ तीन नॉट आहे असे धरले, तर सहा नॉटांची होडी ओढीविरुद्ध प्रत्यक्षात तीनच नॉट पुढे सरकते. चार सागरी मैलांचे अंतर शांत पाण्यात चाळीस मिनिटांचे, ते ओढीविरुद्ध एक तास वीस मिनिटांचे होते व पेट्रोल दुप्पट जळते. म्हणून पेट्रोलाचे तीन भाग कल्पावेत. एक जाण्याचा, एक येण्याचा व एक कधीही न वापरण्याचा. जवळ वल्ह्यांची जोडी असावीच. मुखाशी इंजिन बंद पडले तर वल्ह्यांनी समुद्रावर मात करता येत नाही, पण होडीची नाळ लाटेकडे धरता येते व नांगर लागेपर्यंत तेवढे पुरेसे असते. नांगराची दोरी पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट हवी. आखूड दोरीचा नांगर चिखलात रुतत नाही, फरफटत येतो.

पैशाचा हिशेब

पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत कळावी म्हणून घेतले आहेत. होडी, इंजिन व साहित्य मिळून चार लाख रुपये लागले असे समजू. दहा वर्षांत ते फेडावयाचे, तर वर्षाची घट चाळीस हजार. सरासरी शिल्लक कर्ज दोन लाख धरल्यास दहा टक्क्यांनी व्याज वीस हजार. विमा, दुरुस्ती व रंग यांस तीस हजार. एकूण वर्षाचा बोजा नव्वद हजार झाला, आणि यात पेट्रोल व मजुरी आलेली नाही.

नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत रविवार येतात सुमारे तीस. तेवढ्याच फेऱ्या झाल्या तर प्रत्येक फेरीवर तीन हजारांचा बोजा पडतो. आता आठ लाखांची मोठी होडी घेतली तर हाच बोजा फेरीस सहा हजार होतो. तो तीन हजारांवर आणावयाचा तर साठ फेऱ्या हव्यात, आणि रविवार तर तीसच. मोठी होडी अधिक माणसे नेईल व उत्पन्न वाढेल, असा युक्तिवाद केला जातो. पण गरवण्यास येणारा पाहुणा गर्दीसाठी येत नाही. दहा माणसांच्या गलबल्यात जिताडा गळास तोंड लावीत नाही, आणि असा पाहुणा पुन्हा येत नाही. लहान होडीचा आणखी एक लाभ असा की आठवड्याच्या इतर दिवशी ती चिंबोरी व बोय धरण्याच्या घरच्या कामास येते. अर्थात त्या कामाचाही परवाना असला पाहिजे.

परवाने

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली मिळणारा परवाना मासे धरण्याचा आहे. पैसे घेऊन माणसे नेण्याचा तो परवाना नव्हे. उतारू नेणाऱ्या होडीची तपासणी व नोंदणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे होते, आणि अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मध्येही नोंदणी, तपासणीचे प्रमाणपत्र व विमा यांविषयी तरतुदी आहेत. होडी घेतल्यावर नव्हे तर घेण्यापूर्वीच मंडळाच्या बंदर कार्यालयात जाऊन कोणत्या मापाच्या व बनावटीच्या होडीस कोणती साधने लागतात, हे विचारून घ्यावे. मासेमारीकरिता सरकारी अनुदानातून मिळालेली होडी परस्पर पाहुण्यांच्या कामास लावू नये. पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै या यांत्रिक मासेमारीच्या बंदीच्या काळात, हा धंदा सर्वस्वी बंद ठेवावा. त्या दिवसांत शेतीचीही कामे असतात.

होडीतील इतर साहित्य

प्रत्येक माणसामागे एक तरंगजाकीट, तेही अंगावर घातलेले, पेटीत ठेवलेले नव्हे. लहान मुले येणार असतील तर त्यांच्या मापाचे निराळे. मोठ्याचे जाकीट मुलाच्या डोक्यावरून निसटते. पाणी उपसण्यास डबा, शिटी, विजेरी, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला दूरध्वनी, गळ काढण्याची पक्कड व जखमेची औषधे. तटरक्षक दलाचा १५५४ हा मदतीचा क्रमांक इंजिनाजवळ रंगवून ठेवावा. निघताना किती माणसे गेली व केव्हा परतणार, हे किनाऱ्यावर एकास सांगून जाण्याची सवय लावून घ्यावी.

होडीत एक मोठे, गाठी नसलेले हातजाळे व ओली ठेवता येईल अशी गुळगुळीत फळी असावी. जिताडा लहानपणी नर असतो व मोठा झाल्यावर मादी होतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. गळास लागलेला अवजड जिताडा म्हणजे अंडी घालणारी मादीच समजावी. तिचे छायाचित्र काढून तिला परत सोडण्यास पाहुणे बहुधा आनंदाने तयार होतात, मात्र तापलेल्या फायबरवर दहा मिनिटे तडफडलेला मासा सोडूनही जगत नाही. हीच मादी पुढच्या हंगामास खाडीत राहिली, तर तिच्यासाठी येणारा पाहुणा वाटाड्याच्या दारी पुन्हा येतो.

नवीन होडी घ्यावयाची असल्यास पावसाळा संपल्यावर लगेच, म्हणजे ऑक्टोबरात, ती पाण्यात उतरवावी. पाहुणे घेण्यापूर्वी उधाण व भांग यांची किमान दोन-दोन चक्रे तीत घरचीच माणसे घेऊन काढावीत, आणि कोणत्या तिथीस किती वाजता ती किनाऱ्यास लागू शकते याची नोंद वहीत करीत जावे.